साहेबांच्या भावाचा धंदा कागदावर कसा शोधायचा

राजकीय नेत्याच्या भावाबद्दल ‘साहेबांचे बंधू आहेत, मग टेंडर मिळणारच’ हे कुणीही सांगतं. छापायला ते पुरत नाही. जिल्ह्यात बातमीदारी करणाऱ्या नव्या पोरांना मी आधी एकच सांगतो: भाऊ निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात सापडणार नाही. उमेदवाराच्या या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे फॉर्म २६ मध्ये, तो स्वतः, जोडीदार, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं, एवढ्यांचीच मालमत्ता येते. कमावता भाऊ त्याच्या बाहेर. तरी ते वाचाच, कारण उमेदवाराने कुणाला, कुठल्या फर्मला कर्जाऊ रक्कम दिली याचा रकाना त्यात असतो. बंधूंच्या कंपनीचं नाव तिथून डोकावू शकतं.

नाव मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर जा. पत्ता, भांडवल, संचालक आणि तारणाच्या नोंदी फुकट दिसतात. ताळेबंद पैसे भरून मिळतो. तो घ्या आणि थेट शेवटच्या टिपा उघडा. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’, म्हणजे संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार, ही टीप म्हणजे सोन्याची खाण. तारणात एखादी सहकारी बँक दिसली, तर कर्जाच्या वर्षी तिच्या संचालक मंडळावर कोण होतं ते काढा. भागीदारी फर्म मात्र एमसीएवर नसते, त्यासाठी फर्म निबंधकाकडे जावं लागतं. बहीण असेल तर माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं शोधा. एका तालुक्यात एकाच नावाची चार माणसं निघतात, म्हणून वडिलांचं नाव आणि डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता खरं काम. कागदाच्या डाव्या बाजूला साहेब कधी कुठल्या पदावर होते ते लिहा. उजवीकडे कंपनीची स्थापना, भांडवलवाढ, कर्ज, मिळालेली कामं. तारखा समोरासमोर आल्या की निम्म्या अफवा गळून पडतात. कंपनी साहेबांच्या राजकारणाआधीपासून नीट चालत असेल, तर तेही बातमीत आलं पाहिजे. भावाने धंदा करणं हा गुन्हा नाही.

माहिती अधिकारात ‘मंत्र्यांच्या भावाला किती कामं दिली’ असं विचारू नका. कोण कुणाचा भाऊ, याची नोंद कार्यालय ठेवत नाही. कामाचं नाव लिहून कार्यादेश (वर्क ऑर्डर), दरांचा तुलनात्मक तक्ता आणि अंतिम देयकाची प्रत मागा. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये.

बातमी भावाची की साहेबांची, हेही ठरवा. अमेरिकेत जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या भावाने, बिलीने, लिबियाकडून २,२०,००० डॉलर घेतले. १९८० मध्ये सिनेटने चौकशी केली. भावाने पैसे घेतले हे एक, आणि त्यामुळे सरकारचं धोरण बदललं का हे दुसरं. दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो.

‘आरोप’, ‘गुन्हा दाखल’, ‘दोषारोपपत्र’, ‘दोषी’ या चार पायऱ्या आहेत. कागद जिथे थांबतो तिथेच तुम्ही थांबा. ‘क्लीन चिट’ लिहायचं असेल तर कुणी दिली ते सांगा, पोलिसांनी की न्यायालयाने.

छापण्याआधी प्रश्न लेखी पाठवा, साहेबांना वेगळे आणि बंधूंना वेगळे. बहुतेक वेळा उत्तराऐवजी एखाद्या कार्यकर्त्याचा फोन येतो, ‘समोरासमोर बसू’ म्हणून. त्याला सांगा, मेल करा.