परदेशातल्या पुराची बातमी मराठीत उतरवताना

बाहेरच्या देशात महापूर आला की तासाभरात वृत्तसंस्थांच्या चार-पाच बातम्या येऊन पडतात आणि प्रत्येकीतला आकडा वेगळा असतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीतून मराठी बातम्या देणाऱ्यांनी त्या कशा हाताळाव्यात, ते इथे सांगतो. आपला वाचक कृष्णा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठचा आहे. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी), टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी), विसर्ग हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. त्याला ढोबळ मजकूर देऊन चालत नाही.

आधी मृतांचा आकडा. तो कुणी दिला आणि कधी दिला, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री लिबियात डॅनियल वादळाच्या पावसाने देर्ना शहराच्या वरच्या अंगाची दोन धरणं फुटली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्य विभागाने रेड क्रिसेंट या मदतसंस्थेच्या हवाल्याने 11,300 मृत असल्याचं सांगितलं. रेड क्रिसेंटने हा आकडा आपला नाही म्हटल्यावर त्याच विभागाने तो 3,958 वर आणला आणि 9 हजारांहून अधिक बेपत्ता असल्याचं नोंदवलं. ज्यांनी ‘अमुक विभागाच्या शनिवारच्या माहितीनुसार’ असं लिहिलं, त्यांची बातमी दुसऱ्या दिवशीही खोटी ठरत नाही. नुसतं ‘11 हजार ठार’ असं हेडिंग मात्र सरळ चुकीचं ठरतं. दोन संस्थांचे आकडे जुळत नसतील तर दोन्ही द्या. त्यांची बेरीज किंवा सरासरी कधीही करू नका.

‘बेपत्ता’ हा शब्द जपून वापरा. जुलै 2021 मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, तेव्हा आरवायलर जिल्ह्यात 1,300 जणांचा ठावठिकाणा लागत नसल्याचं प्रशासनाने सांगितलं होतं. मोबाईलचं नेटवर्क बंद पडल्याने त्यातल्या बहुतेकांशी फक्त संपर्क होत नव्हता. अशा वेळी ‘1,300 जणांशी संपर्क नाही’ असं लिहा. आपल्याकडे बेपत्ता म्हटलं की घरचे लोक वाहून गेल्याचंच धरून चालतात.

आता मोजमापं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून पाहू. पावसाचं सोपं आहे: 1 इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. स्पेनकडून येणाऱ्या बातमीत पाऊस ‘चौरस मीटरला इतके लिटर’ असा असतो. ते घाबरण्यासारखं काही नाही, 1 लिटर म्हणजे 1 मिलिमीटरच. 29 ऑक्टोबर 2024 ला वालेन्सियाजवळच्या चिवा गावात 8 तासांत 491 लिटर, म्हणजे 491 मिलिमीटर पाऊस पडला.

विसर्ग परदेशात सेकंदाला इतके घनमीटर असा, म्हणजे क्युमेकमध्ये देतात. 1 क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक. घाईत क्युमेकचं क्युसेक झालं की पूर एकदम पस्तिसाव्या हिश्श्यावर येतो. वालेन्सियाजवळच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या पोयो ओढ्यात त्या दिवशी सेकंदाला 2 हजार घनमीटरहून अधिक पाणी होतं. क्युसेकमध्ये ते 70 हजारांच्या वर जातं. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचे रोजचे आकडे वाचणाऱ्याला त्यातली भीषणता सांगावी लागत नाही. पाणीसाठा असेल तर 1 टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर, आणि 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की 1 टीएमसी होतं.

पातळीबाबत एका प्रत्ययाने घात होतो. जुलै 2025 मध्ये टेक्सासमधली ग्वादालूपे नदी 45 मिनिटांत 26 फुटांनी वाढली. ती 26 फुटांवर गेली, असं नाही. शिवाय आलमट्टी धरणाची 519.60 मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासूनची असते, तर परदेशी नद्यांची बहुधा त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनची. ती पाण्याची खोली समजून लिहू नका.

‘देशाचा एवढा भाग पाण्याखाली’ असा दावा आला की भागाकार करून पाहा. 2022 मध्ये पाकिस्तानचा एक तृतीयांश भाग बुडाल्याचं तिथल्या मंत्र्यांनी सांगितलं आणि जगभर तेच छापून आलं. उपग्रहांच्या चित्रांवरून पूर दिसत होता तो सुमारे 75 हजार चौरस किलोमीटरवर. देशाचं क्षेत्रफळ 7 लाख 96 हजार. म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. 3 कोटी 30 लाख लोकांना फटका बसला, ही गोष्ट तशीही भयंकरच होती.

शब्दांत सर्वांत धोक्याचा शब्द धरणाचा. धरण फुटलं, धरणावरून पाणी गेलं, सांडव्यातून वाहिलं आणि दरवाजे उघडून सोडलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. देर्नात धरणं फुटली. ते ‘धरणातून पाणी सोडल्याने’ असं लिहिलं तर आलमट्टी आणि हिडकल धरणांवरून वर्षानुवर्षं वाद ऐकणारा वाचक लगेच कुणाला तरी दोषी ठरवेल. ‘लेव्ही’ म्हणजे बंधारा नव्हे. बंधारा नदीवर आडवा असतो, लेव्ही नदीच्या कडेने घातलेला संरक्षक भराव. 2005 मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये असे भराव आणि पूररोधक भिंती फुटल्या आणि सुमारे 80 टक्के शहर बुडालं. ‘स्टॉर्म सर्ज’ला त्सुनामी किंवा भरती म्हणू नका, ‘वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी’ असं लांब झालं तरी चालेल. ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा नव्हे. दरवर्षी शंभरात एक शक्यता असलेला, असा त्याचा अर्थ आहे.

कारण समजावताना जवळचा दाखला द्या. वालेन्सियाजवळच्या पाइपोर्ता गावात 29 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी फारसा पाऊस नव्हता, पाणी ओढ्याच्या वरच्या भागातून आलं. आंबोलीकडे कोसळलेला पाऊस हिरण्यकेशीतून संकेश्वरला येतो, तसंच. एवढ्या एका वाक्याने ‘पाऊस नसताना पूर कसा’ हा प्रश्न मिटतो.

वेळ बदलून लिहा, आणि तारीखही तपासा. वालेन्सियात मोबाईलवर धोक्याचा इशारा गेला तो 29 तारखेला रात्री 8 वाजून 11 मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून 30 तारखेचे 12 वाजून 41 मिनिटं झाली होती. इशारा उशिरा आला, हाच तिथल्या रोषाचा मुद्दा असल्याने स्थानिक वेळच द्या आणि तसं नमूद करा. टेक्सास उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे ‘आज पहाटे’ हे शब्द जसेच्या तसे उचलू नका.

फोटो आणि व्हिडिओ लावण्यापूर्वी गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारं साधन) टाका. व्हिडिओचे तीन-चार स्क्रीनशॉट वेगवेगळ्या क्षणांचे घ्या, पहिलाच घेतला तर बऱ्याचदा काही सापडत नाही. मग पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने जातात, हे बघा. 2017 मध्ये ह्यूस्टन बुडालं तेव्हा महामार्गावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो फिरला. तो शार्क एका जुन्या फोटोतून कापून चिकटवलेला होता. जपानच्या 2011 च्या त्सुनामीची दृश्यंही दर मोठ्या पुरात नव्या नावाने परत येतात. ऐकीव गोष्टींचंही तसंच. वालेन्सियाजवळच्या मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शेकडो मृतदेह असल्याची चर्चा होती. पाणी उपसल्यावर एकही सापडला नाही.

आपल्या भागातलं कुणी तिथे अडकलं असेल तर घरच्यांशी बोलणं झाल्याशिवाय नाव देऊ नका. हेल्पलाइनचा नंबर फक्त भारतीय दूतावासाच्या अधिकृत पानावरूनच घ्या आणि छापण्याआधी एक एक आकडा ताडून पाहा.

बातमी गेली की तिसऱ्या आणि दहाव्या दिवशीचा फॉलोअप डायरीत लिहून ठेवा. वेबवर जुना आकडा गुपचूप बदलू नका. वर ‘सुधारित’ लिहून, आधी काय दिलं होतं आणि आता कुणी काय सांगितलं, ते तारखेसह द्या. छापील अंकात दुरुस्ती त्याच पानावर जाईल, हे पान लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.