जागतिक कुस्ती स्पर्धा: दोन सकाळचा काटा आणि मधली मॅट

जागतिक अजिंक्यपद कुस्ती स्पर्धेत एका वजनगटाच्या लढती दोन दिवस चालतात. पहिल्या दिवशी उपांत्य फेरीपर्यंत, दुसऱ्या दिवशी रेपेचेज (अंतिम फेरी गाठणाऱ्यांकडून हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी), कांस्यपदकाच्या लढती आणि अंतिम लढत. काटा, म्हणजे वजनाची तपासणी, दोन्ही सकाळी असतो. २०१७ पर्यंत आदल्या संध्याकाळी एकदाच वजन द्यायचं आणि रात्रभर खाऊन-पिऊन सकाळी मॅटवर उतरायचं, अशी मुभा होती. २०१८ पासून ती गेली. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमने अडकली. २०२५ ला झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमन सेहरावत १.७ किलोने जास्त भरला आणि एकही लढत न खेळता परतला. म्हणून वस्तादांनी डावांइतकाच वेळ काट्याला द्यावा.

वजनगट ठरवताना

पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये जागतिक स्पर्धेला दहा गट असतात: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५ किलो. यातले ६१, ७०, ७९ आणि ९२ ऑलिंपिकमध्ये नाहीत. तेवढ्यासाठी त्यांना दुय्यम मानू नका. राहुल आवारेने २०१९ मध्ये नूर-सुलतानच्या (आताचं अस्ताना) जागतिक स्पर्धेत ६१ किलोतच कांस्य घेतलं.

पूर्ण सराव चालू असताना, पोटभर जेवून झोपलेल्या मल्लाचं सकाळचं वजन गटाच्या वर पाच टक्क्यांहून जास्त नसावं. म्हणजे ५७ साठी ६० च्या आत. ६३ भरणाऱ्या मुलाला ५७ ला उतरवलं तर पहिल्या सकाळी तो कसाबसा बसेल, पण दिवसभर लढून, पाणी पिऊन पुन्हा वाढलेलं वजन एका रात्रीत कुठून काढणार? आणखी एक फसगत. काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २ किलोची सवलत मिळते, जागतिक स्पर्धेत एक ग्रॅमचीही नाही. सवलतीत खेळून आलेल्या मल्लाचा अंदाज इथे हमखास चुकतो.

रात्रीची घट मोजा

वही घाला. स्पर्धेआधी किमान दहा दिवस रोज झोपताना आणि सकाळी लघवी करून आल्यावर वजन लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची रात्रीची घट. बहुतेकांची ती अर्धा ते एक किलो असते. शेवटच्या रात्री त्या घटीतून २०० ग्रॅम वजा करून उरेल तेवढंच जास्त वजन घेऊन झोपायचं. हे २०० ग्रॅम का सोडायचे, तर आधीच सुकलेल्या शरीराला घाम आणि लघवी कमी होते, त्यामुळे ऐन रात्री घट नेहमीपेक्षा कमी पडते. वहीत ८०० ग्रॅम दिसतात म्हणून ८०० वर झोपलेला मल्ल पहाटे दोरीउड्या मारताना दिसतो, तो यामुळे.

शेवटचे तीन दिवस भाकरी, उसळ, कच्च्या भाज्या बंद करून भात, अंडी, थोडं दही यावर राहा. चोथा कमी झाला की आतड्यातलं वजन आपोआप उतरतं आणि ताकद जात नाही. मीठ कमी करा. पाणी मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत तोडू नका.

प्लॅस्टिकचा सूट घालून बंद खोलीत घाम काढणं साफ टाळा. अमेरिकेत १९९७ मध्ये अशाच वजन उतरवण्याच्या नादात जवळपास महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्लांचा जीव गेला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उत्तेजकांच्या बंदी यादीतच आहेत. काट्यातून सुटाल, चाचणीत सापडाल.

काट्याची सकाळ

पहिल्या दिवशी वजनाला अर्धा तास मिळतो, दुसऱ्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं. वजन कॉस्च्युम घालून द्यायचं असतं आणि कापडाचं वजन माफ नसतं. म्हणून घरच्या सगळ्या मोजणीतही कॉस्च्युम अंगावर हवा. दिलेल्या वेळात आपली पाळी धरून कितीही वेळा काट्यावर चढता येतं. त्यामुळे पहिल्या पाचात जा. ४० ग्रॅम जास्त निघाले तर पहिल्या दिवशी हातात वीस-पंचवीस मिनिटं उरतात.

नखं आदल्या दिवशीच कापा. मातीत खेळणाऱ्यांनी नायट्याकडे विशेष लक्ष द्यावं. वैद्यकीय तपासणीत कातडीचा संसर्गजन्य रोग दिसला की मल्लाला थांबवतात, वजन कितीही चोख असो. चट्टा दिसला की तीन-चार आठवडे आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

काट्यावरून उतरल्यावर घटाघटा पाणी पिऊ नका, पोट डचमळतं आणि पहिल्याच पकडीत उलटी येते. जितकं वजन पाण्याचं उतरवलं असेल त्याच्या दीडपट द्रव दिवसभरात भरून काढायचं. सुरुवात एक लिटर ओआरएसने करा, दर पाच-सात मिनिटांनी चार घोट. मग मऊ भात, केळं, मध लावलेला पाव. थंडाई, तूप, मटणाचा रस्सा ही चांगली खुराक, पण आज नाही. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि लढतींना फार वेळ नसतो.

मातीची सवय मॅटवर कुठे नडते

पुकाऱ्यात पहिलं नाव येणाऱ्याला लाल कॉस्च्युम, दुसऱ्याला निळा. बॅगेत दोन्ही ठेवा. बुटाच्या नाड्या चिकटपट्टीने बांधा, कापडी रुमाल कॉस्च्युममध्ये खोचा आणि अंग कोरडं करून मॅटवर या.

वरिष्ठ गटात तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं, मध्ये तीस सेकंद विश्रांती. मातीत लांब खडाखडी (उभ्याने हात-मान धरून चाचपणी) चालते, इथे ती महागात पडते. निष्क्रिय मल्लाला पंच आधी तोंडी समज देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला एक गुण. दुसरी सवय मागे सरकण्याची. मॅटचा व्यास ९ मीटर, त्यातला कडेचा एक मीटर नारिंगी. त्या पट्ट्यापर्यंत ठीक, पण त्याबाहेर एक पाय पूर्ण पडला की गुण गेला. सरावात पायाला नारिंगी रंग लागला की बाजूला फिरायचं, सरळ मागे कधीच नाही, हे अंगवळणी पडू द्या.

पट काढून (पाय धरून खाली पाडून) ताबा घेतला की दोन गुण. पण तिथेच दम घेऊ नका. लगेच कमरेला कुलूप लावून भारंदाज घातला (समोरच्याला पाठीवरून गडगडवलं) तर प्रत्येक यशस्वी फेरीला आणखी दोन. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांच्या फरकाने कुस्ती तिथेच संपते, ग्रीको-रोमनमध्ये (कमरेखाली पकड चालत नाही तो प्रकार) आठ. बरोबरी झाल्यास आधी मोठ्या गुणांचे डाव, मग कमी ताकिदी, शेवटी अखेरचा गुण कुणाचा हे पाहतात. १-१ वर शेवटचा गुण आपला नसेल तर आपण हरत आहोत, हे मल्लाला कोपऱ्यातून ओरडून सांगावं लागतं.

दाद मागायची तर वस्ताद मॅटवर स्पंज टाकतो. निर्णयानंतर पाच सेकंदांत. दाद फेटाळली की समोरच्याला एक गुण आणि त्या लढतीत पुन्हा मागता येत नाही. मल्लाला ती नाकारायचा हक्क आहे, तेव्हा आधी त्याच्याकडे पाहा. ताबा कुणाचा होता हे पुष्कळदा त्याच्या अंगालाच ठाऊक असतं. नियम जाणणारा माणूस कोपऱ्यात हवाच. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांना पुरेशा विश्रांतीविना लागोपाठ लढावं लागलं आणि त्यांची बाजू मांडायला आपलं कुणी हजर नव्हतं, असं कराड-गोळेश्वर भागात आजही हळहळून सांगतात.

हरल्यावर लगेच जेवू नका

पहिल्याच फेरीत हरलेला मल्ल चिडून खाऊन घेतो, आणि इथे पदक हातचं जातं. तुम्हाला हरवणारा अंतिम फेरीत गेला, तर तुम्ही रेपेचेजमध्ये येता आणि दुसऱ्या सकाळी तुम्हालाही काटा आहे. म्हणून त्याची उपांत्य लढत संपेपर्यंत फक्त घोट-घोट ओआरएस आणि मूठभर भात. तो हरला तर खुशाल जेवा. जिंकला तर वही उघडा, आत्ताचं वजन गटापेक्षा किती जास्त आहे ते लिहा, त्यातून २०० ग्रॅम कमी धरलेली रात्रीची घट वजा करा आणि उरलेलं आजच, झोपण्याआधी काढा.