पुढचा फोटो आधीच हाताशी: जावास्क्रिप्टने इमेज प्रीलोड कशा कराव्यात

गॅलरीत ‘पुढे’ दाबलं की चौकट क्षणभर पांढरी होते आणि मग फोटो वरून खाली उलगडत येतो. याचं कारण साधं आहे. पुढच्या फाइलचा पत्ता ब्राउझरला बटण दाबल्यावरच कळतो. तिथून पुढे विनंती जाणार, फाइल उतरणार आणि ती डीकोड होऊन पिक्सेलमध्ये बदलणार. प्रीलोड करायचं म्हणजे एवढं सगळं बटण दाबण्याआधीच उरकून ठेवायचं.

उदाहरणासाठी २४ फोटोंची एक गॅलरी धरू. प्रत्येक फोटो १६०० × १०६७ पिक्सेलचा, वेबपी स्वरूपातला, साधारण २०० केबीचा.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत लिहायची आणि लहान-मोठ्या अक्षरांकडे लक्ष द्यायचं. ‘ऑनलोड’ आणि ‘ऑनएरर’ पूर्ण लहान अक्षरांत येतात, पण ‘नॅचरलविड्थ’मध्ये विड्थचं आणि ‘क्रॉसओरिजिन’मध्ये ओरिजिनचं पहिलं अक्षर मोठं असतं. ते लहान राहिलं तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, नुसतं काम होत नाही.

आधी पाहा, जावास्क्रिप्ट लागते का?

पान उघडताच जो फोटो दिसायला हवा, तो जावास्क्रिप्टने प्रीलोड करू नका. एचटीएमएलमध्ये सरळ इमेज टॅग असेल तर ब्राउझर पान वाचता वाचताच तो पत्ता हेरतो आणि फाइल मागवतो. तेच काम स्क्रिप्टकडे दिलं तर आधी स्क्रिप्ट उतरणार, मग चालणार आणि त्यानंतर फोटो मागवला जाणार. फायदा राहिला बाजूला, उशीरच होतो.

पहिलाच फोटो सीएसएसमध्ये पार्श्वभूमी म्हणून दिला असेल तर तो ब्राउझरला उशिरा सापडतो. अशा वेळी हेड विभागात लिंक टॅग टाका. त्यात ‘रेल’ची किंमत प्रीलोड, ‘अ‍ॅज’ची किंमत इमेज आणि ‘एचरेफ’मध्ये फाइलचा पत्ता द्या. ‘अ‍ॅज’ विसरलात तर ती ओळ निकामी ठरते. मागवलेली फाइल पानाने वापरलीच नाही, तर क्रोम काही सेकंदांनी कन्सोलमध्ये (डेव्हलपर टूल्समधली संदेशांची जागा) पिवळा इशारा देतो. तो गांभीर्याने घ्या, कारण त्या फाइलने कामाच्या फाइलींचा वेग खाल्लेला असतो.

जावास्क्रिप्टची खरी जागा पुढच्या टप्प्यावर आहे: गॅलरीतला पुढचा फोटो, माउस नेल्यावर बदलणारं चित्र, खेळातल्या पुढच्या पातळीची चित्रं.

पायरी १: एक फोटो मागवणारं फंक्शन

‘न्यू इमेज’ लिहिलं की पानावर न दिसणारा इमेज घटक तयार होतो. त्याच्या ‘एसआरसी’मध्ये पत्ता भरला की त्याच क्षणी डाउनलोड सुरू होतं. घटक पानात जोडावा लागत नाही.

पूर्वी ‘ऑनलोड’ (फाइल आल्यावर चालणारं काम) आणि ‘ऑनएरर’ (ती न आल्यास चालणारं) लावून वाट पाहत. आजही ते चालतं, पण दोन्ही एसआरसी भरण्याआधी लावायची सवय ठेवा. मध्ये एखादा ‘अवेट’ (थांबून वाट पाहणारी आज्ञा) आला आणि फाइल कॅशेत, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेल्या फाइलींत असली, तर लोडची घटना तुमच्या आधीच होऊन जाते. फोटो आधीच आला आहे का हे तपासताना नुसतं ‘कम्प्लीट’ पाहू नका. फाइल तुटकी असली तरी ते ‘ट्रू’च असतं. त्यासोबत नॅचरलविड्थ (फोटोची मूळ रुंदी) शून्याहून जास्त आहे ना, तेही पाहा.

आता ‘डीकोड’ ही पद्धत जास्त सोयीची आहे. एसआरसी भरा, डीकोड बोलवा आणि त्यातून मिळणारं प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या निकालाची पावती, फंक्शनबाहेर द्या. ते पूर्ण झाल्यावर इमेजचा घटकच हाती येईल असं लिहा. फाइल उतरून डीकोड झाली की प्रॉमिस पूर्ण होतं, ४०४ (फाइल सापडली नाही) आला किंवा फाइल खराब निघाली की मोडतं. ऑनलोडनंतर डीकोडचं काम बाकी असू शकतं, म्हणून मोठा फोटो दाखवताना ॲनिमेशन अडखळतं. इथे ते होत नाही.

या घटकाला ‘लोडिंग लेझी’ लावू नका. लेझी म्हणजे दिसण्याच्या बेतात आल्यावर आण. पानात नसलेला घटक दिसण्याच्या बेतात कधीच येत नाही, आणि डाउनलोडही सुरू होत नाही. गॅलरीतला जुना कोड चिकटवताना ही ओळ हमखास सोबत येते.

पायरी २: मागवलेलं नोंदवून ठेवा

एक ‘मॅप’ करा. पत्ता ही किल्ली, फंक्शनने दिलेलं प्रॉमिस ही किंमत. फोटो मागण्याआधी मॅपमध्ये पाहायचं, असेल तर तेच प्रॉमिस परत द्यायचं. त्यामुळे एकच फोटो दोनदा मागवला जात नाही आणि घटकाचा संदर्भही जिवंत राहतो.

प्रॉमिस मोडलं तर ती नोंद मॅपमधून काढून टाका. नाहीतर बोगद्यात नेटवर्क गेलं म्हणून फसलेला फोटो नेटवर्क परतल्यावरही ‘फसलेला’च राहतो आणि पान नव्याने उघडल्याशिवाय दिसत नाही. नुसत्या प्रीलोडसाठी केलेल्या हाकेला रिकामा ‘कॅच’ही (चूक पकडणारा भाग) जोडा, म्हणजे कन्सोल न हाताळलेल्या चुकांनी भरणार नाही.

अनेक फोटो एकत्र हवे असतील, समजा खेळाची एक पातळी, तर ‘प्रॉमिस ऑल’ऐवजी ‘ऑल सेटल्ड’ वापरा. ऑलमध्ये एक फाइल फसली की सगळा गठ्ठाच फसला असं धरलं जातं.

पायरी ३: सगळे नाही, शेजारचे मागवा

२४ फोटो मागवण्याचा मोह होतो. मग हिशेब करा. २४ × २०० केबी म्हणजे ४.८ एमबी. सेकंदाला ४ मेगाबिटच्या जोडणीवर एक फोटो सुमारे ०.४ सेकंदात येतो, सगळे यायला साडेनऊ सेकंद जातात. एचटीटीपी १.१ असेल तर ब्राउझर एका सर्व्हरशी सहसा ६ जोडण्याच ठेवतो, बाकीच्या विनंत्या रांगेत. एचटीटीपी २ वर रांग दिसत नाही, पण वेग सगळ्यांत वाटला जातो. दोन्हीकडे परिणाम एकच: पाहणाऱ्याला हवा असलेला पुढचा फोटो, त्याला बहुधा कधीच नको असलेल्या एकविसाव्या फोटोमुळे थांबतो.

मेमरीचा हिशेब तर आणखी जड. डीकोड झालेल्या फोटोचा प्रत्येक पिक्सेल साधारण ४ बाइट घेतो. १६०० × १०६७ × ४ म्हणजे सुमारे ६.८ एमबी. २०० केबीच्या फाइलची ही अवस्था! २४ फोटो डीकोड केले तर १६० एमबीच्या पुढे जाल. कॅमेऱ्यातून काढलेला ४००० × ३००० चा एकच फोटो ४८ एमबी घेतो. कमी रॅमच्या फोनवर अशाने ब्राउझर टॅब बंद करून पुन्हा लोड करतो आणि दोष ‘साइट अडकते’ म्हणून तुमच्याकडे येतो.

म्हणून पुढचे दोन आणि मागचा एक एवढेच मागवा. पाहणारा सरकला की ही शेजारच्या फोटोंची खिडकीही सरकवा आणि पाच-सहा घरं मागे राहिलेल्या नोंदी मॅपमधून काढा. फाइल कॅशेत असेल तर पुन्हा लागल्यावर झटकन येते.

सुरुवात पानाची लोड घटना झाल्यावर करा. ब्राउझर रिकामा असताना काम चालवणारा ‘रिक्वेस्ट आयडल कॉलबॅक’ असेल तर तो वापरा, नसेल तर ‘सेट टाइमआउट’ पुरतो. ‘नॅव्हिगेटर कनेक्शन’मध्ये ‘सेव्हडेटा’ ट्रू असेल तर प्रीलोड करूच नका. त्या माणसाने डेटा वाचवायला स्पष्ट सांगितलं आहे. ही माहिती फायरफॉक्स आणि सफारी देत नाहीत, म्हणून ती नसली तरी कोड मोडू नये असं लिहा.

पायरी ४: बटणाशी जोडणी

‘पुढे’ दाबल्यावर मॅपमधल्या प्रॉमिसची वाट पाहा आणि तोवर जुना फोटो तसाच ठेवा. पांढरी चौकट दाखवण्यापेक्षा ते बरं दिसतं. फोटो आल्यावर त्याच पत्त्याचा नवा इमेज टॅग बनवू नका. प्रीलोड केलेला घटकच ‘रिप्लेस विथ’ने पानात बसवा. मग कॅशे असो वा नसो, दुसरं डाउनलोड होत नाही. ‘ऑल्ट’ मजकूर (फोटोचं शब्दांतलं वर्णन) मात्र आठवणीने भरा.

कोणी भराभर तीनदा ‘पुढे’ दाबलं तर? तिन्ही प्रॉमिस वेगवेगळ्या वेळी पूर्ण होतात आणि दुसरा फोटो तिसऱ्यानंतर येऊन त्याच्या जागी बसतो. यासाठी अवेट झाल्यावर सध्याचा क्रमांक पुन्हा तपासा. तो बदलला असेल तर हा फोटो दाखवू नका.

प्रीलोड केलं, तरी फोटो दोनदा उतरतो

सर्वांत जास्त सापडणारं दुखणं हेच. बहुतेकदा पत्ता अक्षरशः तोच नसतो. प्रीलोडला साधा पत्ता आणि पानावर शेवटी आवृत्ती क्रमांक जोडलेला, असं असेल तर ब्राउझरच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. पत्त्याला दर वेळी नवा वेळ चिकटवण्याची युक्ती असेल तर प्रीलोडचा उपयोगच नाही.

दुसरं कारण ‘एसआरसीसेट’, म्हणजे एकाच फोटोच्या वेगवेगळ्या आकारांची यादी. पानावर पडद्याच्या रुंदीनुसार ४८०, ८०० आणि १६०० पिक्सेलच्या फाइली आहेत आणि तुम्ही प्रीलोड केली १६०० ची; फोनने निवडली ८०० ची. इमेज घटकाला आधी ‘साइझेस’, मग एसआरसीसेट आणि शेवटी एसआरसी द्या, म्हणजे प्रीलोडच्या वेळीही निवड ब्राउझरच करेल. पिक्चर टॅगमध्ये एव्हीआयएफ स्वरूपातला फोटो देऊन प्रीलोड जेपेगचं केलं तरी हीच गत.

फोटो दुसऱ्या डोमेनवरचा असेल आणि कॅनव्हासवर काढून त्याचे पिक्सेल वाचायचे असतील, तर क्रॉसओरिजिनची किंमत दोन्हीकडे सारखी हवी, आणि ती एसआरसीच्या आधी भरायला हवी. सर्व्हर ‘नो-स्टोअर’ पाठवत असेल तर फाइल कॅशेत साठतच नाही. तिथे पायरी ४ मधला तोच घटक वापरण्याचा मार्गच भरवशाचा.

तपासणी

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्सचं नेटवर्क पॅनेल उघडा, इमेजचा फिल्टर लावा आणि वेग ‘स्लो ४जी’वर आणा. ‘डिसेबल कॅशे’वरची खूण काढलेली आहे ना, ते आधी पाहा. ती राहिली तर चांगला चालणारा कोडही फसल्यासारखा दिसतो. पान उघडून थोडं थांबा. दोन फोटो आपोआप उतरायला हवेत आणि त्यांच्या ‘इनिशिएटर’ रकान्यात तुमच्या स्क्रिप्टचं नाव हवं. ‘पुढे’ दाबल्यावर त्याच फोटोची नवी ओळ येता कामा नये. नवी ओळ फक्त खिडकीत नव्याने आलेल्या फोटोची. त्याच फोटोची ओळ आलीच, तर दोन्ही पत्ते कॉपी करून एकाखाली एक ठेवून पाहा. मग एकदा वेग ‘ऑफलाइन’ करा, फोटो येईनासा होईपर्यंत पुढे दाबा, पुन्हा नेटवर्क चालू करा आणि त्याच फोटोवर परत या. फोटो आला तर मॅपमधून फसलेली नोंद नीट निघते आहे.