प्रथिनांचा आकार मास स्पेक्ट्रोमीटरवर अभ्यासताना या चुका टाळा

मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंचे वस्तुमान मोजते. प्रथिनाचा आकार, म्हणजे त्याची घडी आणि जुळणी, त्याला थेट दिसत नाही. प्रथिनाने किती विद्युतभार घेतले, वायूतून ते किती वेगाने सरकले, त्याच्या किती हायड्रोजनांची जागा ड्युटेरियमने, म्हणजे हायड्रोजनच्या जड रूपाने, घेतली, यांवरून आकाराचा अंदाज बांधावा लागतो, आणि या तिन्ही खुणा आपल्या हाताळणीनेही बदलतात. कोकणातल्या खाड्यांत मिळणाऱ्या चिंबोरीच्या रक्तातील हिमोसायनिन हे ऑक्सिजन वाहणारे तांबेयुक्त प्रथिन अभ्यासाला घेतले, तर यांतील बहुतेक चुका एकाच नमुन्यात भेटतात.

पहिली अडचण मिठाची आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि चिंबोरीचे रक्तही खारटच असते. हायड्रोजनच्या जागी बसलेला सोडियमचा प्रत्येक आयन वस्तुमान सुमारे २२ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढवतो. असे अनेक आयन चिकटले की यंत्राच्या आलेखातील (वर्णपटातील) शिखरे पसरून एकमेकांत मिसळतात. म्हणून नमुना १०० ते २०० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेटमध्ये आणावा, आणि हे द्रावण काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे, कारण काचेतूनही सोडियम उतरते.

मात्र मीठ काढण्याच्या उत्साहात याहून मोठी चूक होते. चिंबोरीचे हिमोसायनिन सुमारे ७५ किलोडाल्टनच्या उपघटकांचे बनलेले असते. सहा उपघटक मिळून सुमारे ४५० किलोडाल्टनचा संच होतो आणि असे दोन संच जोडले गेले की ९०० च्या आसपासचा. ही जुळणी टिकण्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा आधार लागतो. तो काढून घेतला आणि पीएच अल्कधर्मी असला, तर संच सुटतात, आणि मग वर्णपटात दिसणारे सुटे उपघटक पाहून ‘हे प्रथिन एकेकटेच असते’ असा निष्कर्ष निघतो, जो खरे तर आपल्याच धुलाईचा परिणाम असतो. पीएच ७ च्या आसपास ठेवून क्षारबदल करावा, लगेच मोजावे, आणि मूळ नमुन्यातील संचाचे आकारमान आधी जेल-गाळणीने (रेणू आकारानुसार वेगळे करण्याच्या पद्धतीने) तपासून ठेवावे. अमोनियम ॲसिटेटला सर्रास बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) म्हटले जाते, परंतु त्याची बफरक्षमता ४.७५ आणि ९.२५ च्या आसपास असते, ७ जवळ ती फारच क्षीण असते.

यंत्रात आयनांना वायूच्या रेणूंवर आदळवणाऱ्या व्होल्टेजचा मोहही सांभाळावा लागतो. ते कमी असेल तर पाणी आणि क्षार चिकटून राहतात, वाढवले की शिखरे देखणी होतात, पण त्याच टकरींनी प्रथिन उलगडते. सुबक शिखरापेक्षा थोडे रुंद शिखर मला अधिक विश्वासार्ह वाटते. व्होल्टेज पायरीपायरीने वाढवून बदल कुठे सुरू होतो ते नोंदवावे. शंका आल्यास घोड्याचे मायोग्लोबिन हे स्नायूंतील परिचित प्रथिन चालवून पाहावे: घडी शाबूत असलेले प्रथिन थोडेच भार घेते आणि हीम या लोहयुक्त घटकासह सुमारे १७,५६७ डाल्टन दाखवते. १६,९५१ डाल्टनची शिखरे दिसली, तर ६१६ डाल्टनचा हीम गळाला आहे. द्रावणात आम्ल नसेल, तर दोष चिंबोरीत न शोधता यंत्राच्या मांडणीत शोधावा.

आयन मोबिलिटीत, म्हणजे वायूतून सरकण्याच्या वेगावरून आकार जोखताना, तुलनेची प्रथिने घडी न मोडलेली आणि साधारण त्याच वस्तुमानाची असावीत. हेलियम वायूत मोजलेले आकडे नायट्रोजनमध्ये मोजलेल्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत.

ड्युटेरियमच्या प्रयोगात कोकणचा पावसाळा खरी परीक्षा घेतो. प्रथिनाला ड्युटेरियम पुरवणारे जड पाणी हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे बाटली उघडी राहिली की साधा हायड्रोजन आत शिरतो. ते लहान कुप्यांमध्ये, घट्ट बंद करून ठेवावे. पीएच मीटरच्या वाचनात ०.४ मिळवून पीडी, म्हणजे जड पाण्यातला पीएच, काढावा. अभिक्रिया थांबवल्यानंतरही, म्हणजे पीएच २.५ आणि शून्य अंश सेल्सिअसलाही, ड्युटेरियम हळूहळू गळत असते, आणि पीएच तिथून एका अंकाने चढला तर हा वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून पूर्णपणे ड्युटेरियमयुक्त केलेला नमुना त्याच दिवशी, त्याच शीतकक्षात चालवून गळती मोजावी. मध्ये वीज जाऊन शीतकक्ष तापला असेल, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एका आलेखात जोडू नयेत.