तळीतला मासा जखमी झाला? या चुका टाळा

राजांगणातल्या किंवा परसातल्या तळीतला कोई, गोल्डफिश अंगावर जखम घेऊन फिरताना दिसला की घरात धावपळ सुरू होते. कोणी हळद आणतं, कोणी मेडिकलमधून कॅप्सूल. खरं तर माशाची वरवरची जखम चांगल्या पाण्यात बऱ्याचदा आपोआप भरते. गळालेले खवले पुन्हा येतात, मुळापाशी धक्का बसला नसेल तर फाटलेला पर वाढतो. आपल्याकडे गोव्यात जखमी मासे दगावतात ते जास्त करून हाताळणीने आणि टबातल्या पाण्याने, असं माझं ठाम मत आहे.

पहिली चूक पकडतानाच होते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं जंतूंविरुद्धचं कवच. कोरडा हात, टॉवेल किंवा खरखरीत जाळं लागलं की तो थर निघतो आणि जखमेशेजारची धड कातडीही उघडी पडते. जाळ्याने माशाला फक्त कडेला वळवा, पाण्यातच टब तिरका करून आत घ्या आणि पाण्यासकट उचला. हात लावावाच लागला तर आधी तळीच्या पाण्यात ओला करा. आणि खरचटण्यापलीकडे काही नसेल, मासा खात-फिरत असेल, तर त्याला तळीतच राहू द्या. जागा बदलण्याचा ताण त्याला जखमेपेक्षा महाग पडतो.

टबातलं पाणी

वेगळं ठेवायची वेळ आलीच तर किमान 50 लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, मासा मोठा असेल तर त्याहून मोठा. साबणाने धुतलेला नको. घरात तांब्याची भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) रिकामी असते म्हणून तिच्यात मासा ठेवू नका. तांबं माशांना विषारी, आणि आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि आम्लधर्मी असल्याने त्यात ते अधिकच उतरतं.

विहिरीचं ताजं पाणी थेट ओतणं हीसुद्धा चूकच. त्यात प्राणवायू कमी असू शकतो. ते आधी भांड्यात काढून काही तास एअर पंपाने खेळवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. क्लोरीन काढणारं औषध टाका, निदान पाणी एक दिवस उघडं ठेवून ढवळा. मात्र पाण्यात क्लोरॅमिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसतं ठेवून जात नाही, औषधच लागतं. सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित म्हणजे तळीचंच स्वच्छ पाणी.

एअर पंप मात्र हवाच. 20 अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सुमारे साडेसात. गोव्याच्या उकाड्यात आजारी मासा वर येऊन तोंड उघडतो त्याचं हे एक कारण. टब पडवीत किंवा बाल्कांवात (दारापुढच्या छपराखालच्या बैठकीत) ठेवा, उन्हात नको आणि पागोळ्यांखाली तर नकोच. वरून जाळी बांधा, बिथरलेला मासा उडी मारतो.

टबात फिल्टरमधले उपयोगी जिवाणू नसतात, त्यामुळे माशाने टाकलेला अमोनिया साचत जातो. म्हणून पहिले दोन दिवस खायला देऊ नका. नंतर दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं असू द्या.

मीठ

मीठ उपयोगी आहे, पण मोजून. आगरवाडोच्या मिठागरातलं जाड मीठ चालेल; आधी विरघळवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी घ्या. प्रमाण लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 50 लिटरच्या टबाला 150 ग्रॅम. ते एकदम न टाकता दिवसभरात तीन वेळा विभागून टाका. पाणी बाष्प होऊन उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे पाणी आटलं म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही. 15 लिटर काढून नवं घातलं तर फक्त त्या 15 लिटरचं, 45 ग्रॅम. तळीतच मीठ ओतू नका. ते निघत नाही आणि कमळं, पाणवनस्पती खराब होतात. मागूर, शिंगी यांसारख्या खवले नसलेल्या माशांना एवढं मीठ देऊ नका.

हळदीचा लेप पाण्यात सुटून कल्ल्यांत जातो, तो टाळा. पोटॅशियम परमँगनेट अंदाजाने, रंग बघून टाकणं त्याहून वाईट. जास्त झालं की कल्ले भाजतात. माणसांची अँटिबायोटिक्स पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नकोत. जखम खोल होत चालली, परांवर लाल रेघा आल्या, कापसासारखी बुरशी धरली किंवा खवले उभे राहिले, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्याकडे जा. माशाचा फोटो आणि पाण्याची बाटली सोबत न्या, अर्धं निदान त्यातच होतं.

जखम झाली कशाने?

हे न शोधता मासा परत सोडला तर आठवड्यात पुन्हा तेच. पाठीवर टोचल्यासारखी खोल जखम बहुधा वंचक या बगळ्याची. एका कुशीचे खवले खरवडलेले असतील तर तळीच्या चिऱ्यांच्या धारदार कडा हाताने चाचपून बघा. नर मागे लागल्याने मादीचेही खवले जातात. पण एकाच वेळी तीन-चार माशांना फोड दिसले तर ती मारामारी नव्हे. तळीचं पाणी तपासा. पक्ष्यांसाठी जाळी लावाल ती ताणून लावा, सैल जाळीत दिवड (पाण्यातले बिनविषारी साप) अडकून मरतात.

बरा झालेला मासा परत सोडण्याआधी रोजच्या पाणीबदलात मीठ घालणं बंद करा, म्हणजे खारटपणा हळूहळू उतरेल. मग पिशवीत घालून पंधरा-वीस मिनिटं तळीत तरंगत ठेवा. "हा काही जगायचा नाही" म्हणून कोई, गोल्डफिश किंवा सकर मासा (टाकीतलं शेवाळ खाणारा परदेशी मासा) ओहोळात, करमळीच्या तळ्यात नेऊन सोडणं मात्र कधीच करू नका. तो जगला तर तिथल्या गावठी माशांच्या मुळावर येतो, आणि त्याच्या अंगावरचा रोग त्यांनाही लागू शकतो.