ब्रोमेलियाडच्या वाटीत खत घालण्याआधी

थंडी ओसरून दिवस मोठा होऊ लागला की घरातल्या कुंड्यांना खत द्यायची घाई सुरू होते. बाकीच्या झाडांबरोबर ब्रोमेलियाडलाही त्याच बाटलीतलं, त्याच मापाचं खत मिळतं आणि इथेच घोटाळा होतो. झाड लगेच मरत नाही. महिना-दीड महिन्याने पानांचे शेंडे तपकिरी पडतात, मधल्या पानांचा लाल-गुलाबी रंग उतरतो, कधी मधला कोंबच सडून हातात येतो. तोवर खत दिल्याचं लक्षातही नसतं आणि दोष पाण्यावर किंवा उन्हावर ढकलला जातो.

माझी एक निओरेगेलिया, म्हणजे रंगीत पानांचं एक ब्रोमेलियाड, अशीच गेली. रंग अजून खुलावा म्हणून मी तिच्या मधल्या वाटीत, म्हणजे पानांच्या बुडांनी मिळून झालेल्या पाणी साठवणाऱ्या खोलगट जागेत, डब्यावर लिहिलेल्या पूर्ण मापाचं विद्राव्य खत ओतलं आणि आठवडाभर बाहेरगावी गेले. परत आले तेव्हा तळाशी जेमतेम दोन चमचे पाणी उरलं होतं आणि पानांच्या बुडाशी पांढरट कड धरली होती. पाणी उडून गेलं होतं, खत मात्र सगळं तिथेच होतं. वाटीत १०० मिलि द्रावण असेल आणि त्यातलं ७५ मिलि उडून गेलं, तर उरलेलं पाणी चौपट तीव्र होतं. म्हणजे पाव मात्रेने दिलेलं खतसुद्धा पाणी आटता आटता पूर्ण मात्रेवर पोचतं. मी तर सुरुवातच पूर्ण मात्रेने केली होती.

हे झाड जेवतं कसं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. ब्रोमेलियाड म्हणजे अननसाचं कुटुंब. यात ३,००० हून जास्त जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. घरात ठेवतो त्यांतल्या बऱ्याचशा, म्हणजे गुझमानिया, व्रिसिया, एकमिया, निओरेगेलिया, जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतात. तिथे माती नसतेच म्हटलं तरी चालेल. मुळांचं मुख्य काम फांदीला घट्ट धरून राहणं. पाणी आणि अन्न घेण्याचं बरंचसं काम पानं करतात. पानांवर, विशेषतः बुडाशी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक खवले असतात आणि त्यांतून ओल आत ओढली जाते. वाटीत वाळकी पानं पडतात, किडे बुडतात, बेडूक राहून जातात. जिवाणू ते सगळं सावकाश कुजवतात आणि झाडाला अन्न थेंबाथेंबाने मिळत राहतं. त्यात एकदम भरपूर असं कधी येत नाही. कुंडीतल्या ब्रोमेलियाडलाही असंच पातळ, विरळ अन्न मानवतं.

आता मात्रेचं बघू. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं १९:१९:१९ किंवा २०:२०:२० असं विद्राव्य खत चालतं. निवडायला वाव असेल तर नत्रापेक्षा पालाश थोडं जास्त असलेलं घ्यावं. डब्यावर लिटरला २ ग्रॅम लिहिलं असेल तर इथे अर्धा ग्रॅम, म्हणजे पाव मात्रा, पुरे. घरच्या चमच्याने अर्धा ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून मी ५ ग्रॅम खत १ लिटर पाण्यात विरघळवते, त्यातलं १०० मिलि घेते आणि साधं पाणी घालून ते १ लिटर करते. झालं अर्ध्या ग्रॅमचं द्रावण. उरलेलं मूळ द्रावण साठवून न ठेवता इतर कुंड्यांना त्यांच्या मापाने देऊन टाकावं.

हे द्रावण सकाळी पानांवर बारीक फवारावं आणि कुंडीत भरलेल्या लागवडीच्या मिश्रणाला थोडं द्यावं. वाटीत मुद्दाम ओतू नये. फवारताना थोडं आत उतरलं तर बिघडत नाही, पण मग चार-पाच दिवसांनी कुंडी आडवी करून वाटीतलं पाणी काढावं आणि ताजं भरावं. वाटीत खत दिलंच पाहिजे, नाहीतर झाड उपाशी राहतं, असं म्हणणारे लोक आहेत. रोज लक्ष ठेवणाऱ्या, पाणी वेळेवर बदलणाऱ्या माणसाच्या हातात ती पद्धत चालतेही. पण घरातल्या धावपळीत एक आठवडा विसरलं की माझ्या निओरेगेलियासारखं होतं, म्हणून मी ती कुणाला सुचवत नाही. शिवाय खत मिसळलेल्या साचलेल्या पाण्यात हिरवं शेवाळ धरतं आणि वास येऊ लागतो.

सगळ्या जातींना एकच माप नको. गुझमानिया आणि व्रिसिया, म्हणजे मऊ, गुळगुळीत, हिरव्या पानांच्या, जरा जास्त खाणाऱ्या आहेत. वाढीच्या दिवसांत दर तीन-चार आठवड्यांनी पाव मात्रा द्या. एकमियाची पानं जाड आणि काटेरी, तिला दोन महिन्यांतून एकदा पुरतं. निओरेगेलियाला सगळ्यांत कमी. तिच्यावर नत्र जास्त झालं की पानं लांब, लोंबती आणि हिरवीगार होतात, घट्ट ताटलीसारखा आकार सुटतो आणि ज्या रंगासाठी ती आणली तोच निघून जातो. रंग खुलतो तो उजेडाने. खिडकीजवळ हलवा, खत थांबवा, आणि नवीन पानं कशी येतात ते बघा. जुन्या पानांचा बिघडलेला आकार परत येत नाही.

क्रिप्टॅन्थसचं वेगळं आहे. हे जमिनीवर वाढणारं, मुळांनी जेवणारं ब्रोमेलियाड. त्याला पाणी साठवणारी वाटी नसते, तेव्हा खत मिश्रणातच द्यायचं. टिलँडसियाला तर मातीच नको. महिन्यातून एकदा नेहमीच्या भिजवण्याच्या पाण्यात खत अगदी चिमूटभर विरघळवा, मग उलटं धरून झटका आणि हवेशीर जागी तीन-चार तासांत कोरडं होऊ द्या. आत पाणी राहिलं तर झाड खताने नाही, पण कुजून जाईल.

सावकाश सुटणाऱ्या खताचे दाणे वापरायचे असतील तर फक्त कुंडी भरताना, मिश्रणात, थोडेसे. वरून भुरभुरवले की एखादा दाणा पानाच्या बेचक्यात अडकतो आणि नेमकं तिथेच पान आतून भाजतं. बाहेरून तो डाग रोगासारखा दिसतो.

युरिया नको. त्यातून अमोनिया सुटतो आणि वाटीच्या कोंडलेल्या जागेत कोवळा कोंब तो सोसू शकत नाही. शेणखताचं, गांडूळखताचं पाणीही वाटीत घालू नये. फारच वाटलं तर भरपूर पातळ करून, गाळून, कुंडीत.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाबद्दल मात्र कळकळीने सांगते. ब्रोमेलियाडला तांबं सोसत नाही. बाकीच्या झाडांवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण किंवा मोरचूद असलेलं औषध (दोन्हींत तांबं असतं) फवारताना याची कुंडी दुसऱ्या खोलीत न्या, कारण थोडा शिंतोडाही पुष्कळ नुकसान करतो. तांब्याच्या भांड्यात साठवलेलं पाणीही देऊ नका. बोरॉन जास्त झालं तरी पानांचे शेंडे करपतात, गुझमानियात हे पटकन दिसतं. म्हणून ‘सूक्ष्म अन्नद्रव्ययुक्त’ लिहिलेला डबा घेण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचा आणि त्यात तांबं किंवा बोरॉन वेगळं वाढवलेलं असेल तर तो डबा गुलाबासाठी ठेवा.

पाणी जड असेल तर खताचा विचार त्यानंतर. जड पाण्यातला चुना पानांवर पांढरा थर धरतो, ते खवले झाकले जातात आणि मग कितीही फवारलं तरी आत कमीच जातं. पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम. ते नसेल तर निदान महिन्यातून एकदा वाटी पूर्ण रिकामी करून, वरून स्वच्छ पाणी सोडून झाड धुऊन काढावं, कुंडीच्या तळातून पाणी वाहू द्यावं.

फुलासाठी खत वाढवू नका. लोक इथे फार फसतात. स्फुरद जास्त असलेलं फुलांचं खत घालून ब्रोमेलियाड फुलत नाही. झाड वयात आलं पाहिजे, जातीप्रमाणे एक ते तीन वर्षं, आणि मग इथिलीन वायू त्याला इशारा देतो. पिकलेल्या सफरचंदातून हा वायू सुटतो, म्हणूनच ते झाडाजवळ ठेवून वरून प्लास्टिकची पिशवी आठवडा-दहा दिवस बांधायची युक्ती चालते. तेवढे दिवस वाटी रिकामी ठेवायची आणि कुंडीवर ऊन पडू द्यायचं नाही. फुलाचा तुरा दिसायला त्यानंतर दीड ते साडेतीन महिने लागतात. हे करणार असाल तर आधीचा महिनाभर खत पूर्ण बंद ठेवा, कारण नत्रावर वाढीला लागलेलं झाड तुऱ्याकडे वळायला कचरतं.

एक पर्णगुच्छ एकदाच फुलतो. तुरा उतरल्यावर मूळ झाड हळूहळू म्हातारं होतं, त्याला टवटवीत करायला खत घालणं व्यर्थ आहे. पण बुडाशी फुटवे आले असतील तर ती म्हातारी पानं कापू नका, फुटवे त्यांच्यावरच पोसले जातात. फुटवा आईच्या निम्म्या उंचीचा झाला की धारदार, स्वच्छ सुरीने वेगळा करावा, काप एक-दोन दिवस सुकू द्यावा आणि सालीचे तुकडे, कोकोपीट, परलाइट अशा भुसभुशीत मिश्रणात लावावा. पहिले दीड-दोन महिने खत नाही. नवीन पान निघालं की अष्टमांश मात्रेने सुरुवात करावी. वाढीचा खरा जोर याच वयात असतो, तेव्हा वर्षभरातलं बहुतेक खत या पिल्लांच्या वाट्याला जावं.

रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागलं की खताचा डबा कपाटात. त्या दिवसांत वाटीत पाणीही बोटभरच ठेवा आणि खोली फार गार असेल तर वाटी कोरडी राहू द्या, कुंडीत अधूनमधून थोडी ओल पुरते. पुन्हा खत द्यायचं ते मधून ताजं, फिकट हिरवं पान वर आलेलं दिसल्यावरच, आणि त्याआधी वाटी एकदा स्वच्छ धुऊन घ्या.