देव-धर्मावरच्या स्टेज कवितेत शिवी ठेवायची की काढायची, कसं ठरवायचं

श्रद्धा, देव, बुवाबाजी असल्या विषयावर माइकवर म्हणायची कविता लिहिताय, एका ओळीत शिवी आलीये आणि ठेवू की काढू कळत नाहीये, तर आधी एक करा, त्या शिवीच्या बाजूला पेन्सिलने लिहा की ही दिलीये कोणाला. देवाला? बुवाला? रांगेतल्या भक्ताला? की कोणालाच नाही, आपली अशीच आली? अशीच आलेली लगेच काढा, तिच्यावर वेळ घालवू नका.

देवाला दिली असेल तर प्रकरण जरा इंटरेस्टिंग आहे. देवाला शिव्या घालायची आपल्याकडे चांगली खानदानी परंपरा आहे, पण ती नास्तिकांची नाही. जनाबाईचा अभंग सुरूच होतो 'अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या' असा, मग 'तुझी रांड रंडकी झाली', मग 'तुझें गेलें मढें', आणि शेवटी बाई स्वतःच सांगून मोकळी होते, 'उभी राहूनी अंगणीं । शिव्या देत दासी जनी'. तिला हे शोभतं कारण विठोबा तिच्या हक्काचा आहे, घरातल्या माणसाशी भांडावं तशी ती भांडतेय. आता तुमची कविता म्हणते देव नाहीच. मग शिवी घालताय कोणाला? जो नाहीच त्याच्यावर तीन मिनिटं तोंड सोडलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याचा बराच विश्वास दिसतोय. म्हणून कविता थंड डोक्याने प्रश्न विचारणाऱ्याची असेल तर देवावरची शिवी उडवा. बोलणारा अर्धवट मानणारा, चिडलेला, तुटलेला असेल तर बिनधास्त ठेवा, तिथे ती शिवी म्हणजेच त्याची उरलीसुरली श्रद्धा असते.

उदाहरण म्हणून माझ्याच दोन ओळी घ्या:

आईचा एक्सरे काखेत, समोर गणपतीचा फोटो,
मी म्हटलं, हरामखोरा, बघतोयस ना?

'हरामखोरा' काढून 'देवा' टाका, सरळ भक्तिगीत झालं. शिवी आहे म्हणून राग आहे, आणि 'बघतोयस ना' आहे म्हणून आशा पण आहे, दोन्ही एका ओळीत. ही राहू दे. आता दुसरी:

रांगेत उभे येडझवे, बारा तास, दर्शन दोन सेकंद.

इथे 'येडझवे' खोडून वाचा. 'रांगेत उभे, बारा तास, दर्शन दोन सेकंद.' ओळ उलट टाइट झाली ना? जे म्हणायचं होतं ते बारा तास आणि दोन सेकंदातच आलं होतं, शिवी फक्त आपण किती शहाणे ते सांगत होती. शिवाय त्या रांगेत तुमची आत्या पण आहे, चपला पिशवीत घालून, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाची एक आत्या असते. भक्तावरची शिवी मी तरी ठेवत नाही, कधीच.

राहिला बुवा. इथे मी जरा सैल आहे, पैसे उकळणाऱ्याला शिवी लागू पडते. पण आधी विनाशिवी ट्राय करा. तुकोबांचं 'नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती' बघा, एक वाकडा शब्द नाही आणि नवसाचा पार निकाल लागतो, वर ऐकणारा स्वतःच हसतो. असं काही सुचलंच तर शिवीची गरज उरत नाही. आणि सुचलंच नाही, रागच आहे, तर शिवी निवडताना बघा ती पडतेय कुठे. आपल्या बऱ्याच शिव्या आईबहिणीवरून, म्हणजे भामटेगिरी बुवाने करायची आणि मार त्याच्या आईने खायचा, आणि असल्या दरबारात बायकाच जास्त नागवल्या जातात हे तुम्ही त्याच कवितेत सांगताय. मग 'मुडदा बशिवला तुझा', 'मेल्या' असल्या आजीछाप गोष्टी काढा. किंवा सरळ शाप द्या. नास्तिकाने शाप द्यायचा यात जी गंमत आहे ती कुठल्याच भ-च्या शिवीत नाही.

म्हणायचं कसं, ते पण महत्त्वाचं. पहिल्या शिवीला पब्लिक हमखास हसतं, मागून एक शिट्टी येते, आणि शंकेची कविता असेल तर त्या हसण्यात माणूस सुटतो, त्याला मग स्वतःला काही विचारावं लागत नाही. म्हणून पहिल्या मिनिटात शिवी नको, अख्ख्या कवितेत एकच, आवाज चढवायचा नाही, उलट खाली आणायचा. भ, फ, प माइकमध्ये फाटतात, तेवढ्यापुरती मान जरा बाजूला घ्या. अर्धी गिळू नका, लाजत दिलेली शिवी सगळ्यात घाण वाटते.

कायद्याचं पण बघून ठेवा. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक जागी अश्लील बोलण्या-गाण्याला कलम २९६ आहे आणि मुद्दाम, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याला २९९, दुसऱ्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या अंकात छापली गेली, आणि तिच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ऐतिहासिक, आदरणीय माणसाच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर काव्यस्वातंत्र्य म्हणून आपोआप सुटका नाही. मुद्दा कोणाच्या तोंडी हा आहे. त्यामुळे शिवी कवितेतल्या 'मी'च्या तोंडी ठेवा, देवाच्या किंवा संतांच्या तोंडी घालू नका, कवितेसाठीही तेच बरं असतं.

आयोजकांना आधी विचारा, कॉलेज किंवा गणपती मंडळाचा कार्यक्रम असेल तर शिवीशिवायची ओळ वेगळी लिहून न्या, ऐनवेळी शब्द गाळला की लय लंगडते आणि सगळ्यांना कळतं. आणि शूटिंग होणारच हे धरून चाला. रील कापणारा नेमका शिवीचाच तुकडा उचलतो, म्हणून शिवीच्या आधी-नंतर थांबायचं नाही, मागची ओळ, शिवी, पुढची ओळ एका श्वासात, म्हणजे हसायला पण फट मिळत नाही आणि कात्रीला पण.